शुक्रवारी खरेदी, शनिवारी शिकार?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: पेनसिल्व्हेनियाच्या मध्यभागातील एका लहान गावात राहणारे, चाळिशी ओलांडलेले एक वाचक लिहितात की, ते एच-१बी व्हिसावर असून त्यांचा ग्रीन कार्डाचा अर्ज अजून रांगेत आहे. त्यांच्या कारखान्यातील सहकारी दरवर्षी थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी हरणाच्या शिकारीसाठी डोंगरातल्या कॅम्पवर जातात आणि यंदा त्यांनाही आग्रहाचे बोलावणे आले आहे. गावातले दुकान आदल्या दिवशी, म्हणजे शुक्रवारच्या सेलमध्ये, बोल्टची (प्रत्येक बारानंतर बोल्ट हाताने मागेपुढे करून नवे काडतूस भरायची) रायफल आणि तिच्यावर बसवलेली दुर्बीण असा संच ४८० डॉलरना देणार आहे. कोकणातल्या घरी आजोबांची ठासणीची बंदूक होती. तिला हात लावायला मिळाला नाही, ही चुटपुट त्यांना अजून आहे. पत्नी शाकाहारी आहे आणि घरात बंदूक नको म्हणते, तर दहा वर्षांचा मुलगा हरखून गेला आहे. त्यांचा प्रश्न असा: हा स्वस्तातला संच घ्यावा, की कळ काढून हजार-बाराशे डॉलरची ‘खरी’ रायफल घ्यावी?

नमस्कार.

तुमच्या पत्रात दुर्बिणीच्या भिंगांपासून दस्त्याच्या प्लॅस्टिकपर्यंत सगळ्याची चौकशी आहे, पण शिकारीच्या परवान्याचा उल्लेख कुठेही नाही. संचाविषयी मी सविस्तर लिहिणारच आहे, तथापि तुमच्या बाबतीत आधी परवाना आणि मग बंदूक हा क्रम उलटा झाला, तर नुकसान ४८० डॉलरचे होणार नाही, इथल्या वास्तव्याचेच होईल. म्हणून सुरुवात तिथून करतो.

अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या वास्तव्याच्या, व्हिसावर देशात आलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे विकत घेण्यास आणि जवळ बाळगण्यासही मनाई आहे. एच-१बी त्यातच मोडतो आणि ग्रीन कार्डाचा अर्ज रांगेत असल्याने त्यात काही फरक पडत नाही. या मनाईला जे मोजके अपवाद आहेत, त्यांपैकी तुमच्या उपयोगाचा एकच: कोणत्याही राज्याने दिलेला, मुदतीतला शिकारीचा परवाना. दुकानात तुम्हाला ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागेल; त्यात नॉन-इमिग्रंट व्हिसाविषयी स्पष्ट प्रश्न आहे, त्याचे खोटे उत्तर देणे हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि पेनसिल्व्हेनियात त्यानंतर राज्य पोलिसांच्या यंत्रणेकडून पडताळणी होते. इथवर बहुतेकांना ठाऊक असते. ज्याकडे दुर्लक्ष होते ते असे की ‘बाळगणे’ या शब्दाचा आवाका मोठा आहे. मित्राची रायफल एका दिवसापुरती हातात घेणे, सरावाच्या मैदानावर त्याच्या बंदुकीने चार बार काढणे, हेही परवान्याविना त्यात येऊ शकते. ‘विकत घेत नाही, उसनी घेतो’ ही पळवाट नव्हे.

आणखी एक गोष्ट तुमच्या दुकानदाराला कदाचित सुचणारही नाही. पेनसिल्व्हेनियाचा शिकारीचा परवाना १ जुलै ते ३० जून असा चालतो. हरणाच्या रायफल-शिकारीचा मुख्य हंगाम डिसेंबरात संपतो, माणूस परवाना विसरतो आणि जुलै उजाडला की कपाटातली तीच बंदूक बेकायदा होते. म्हणजे बंदूक घरात असेपर्यंत तुम्हाला दरवर्षी, त्या वर्षी शिकारीला जायचे असो वा नसो, परवान्याचे नूतनीकरण करावे लागेल. शिवाय नोकरी गेली, मुदतीत दुसरी सोय झाली नाही आणि वास्तव्यच अनधिकृत ठरले, तर शिकारीच्या परवान्याचा हा अपवादही उरत नाही. बंदुकीसंबंधीच्या गुन्ह्यात दोषी ठरणे हे परदेशी नागरिकाला देशाबाहेर काढण्याचे स्वतंत्र कारण आहे. तुमचा ग्रीन कार्डाचा अर्ज जे वकील पाहतात, त्यांना खरेदीपूर्वी एक ईमेल लिहा आणि उत्तर लेखी घ्या. मी वकील नाही आणि तुमचा दुकानदारही नाही.

परवाना मिळवणे मात्र अवघड नाही. पहिल्यांदा परवाना घेणाऱ्याला राज्याच्या गेम कमिशनचा, म्हणजे शिकार आणि वन्यजीव पाहणाऱ्या खात्याचा, सुरक्षितता-अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. त्यात कायदे, बंदूक हाताळणी, सावज ओळखणे आणि जखमी जनावराचा माग काढणे, असे बरेच काही शिकवतात. त्यानंतर रहिवाशाचा वार्षिक परवाना सुमारे २१ डॉलरना मिळतो आणि त्यात शिंगे असलेल्या एका नराची परवानगी असते. मादीसाठी निराळा परवाना लागतो. हे सगळे नोव्हेंबर संपण्याआधी सहज होण्यासारखे आहे, आणि बंदूक घ्या वा न घ्या, हे मी तुम्हाला करायला सांगेनच.

आता तुमच्या बेतातली खरी अडचण. शुक्रवारी संच घ्यायचा आणि शनिवारी पहाटे जंगलात जायचे, असे तुम्ही गृहीत धरले आहे, कारण संचाच्या खोक्यावर ‘दुर्बीण बसवलेली आणि जुळवलेली’ असे छापलेले असते. ही जुळवणी बार न काढता, नळीच्या रोखाने दुर्बीण ढोबळमानाने सरळ करून केलेली असते. तेवढ्याने पहिली गोळी शंभर यार्डांवरच्या मोठ्या कागदावर कुठेतरी लागेल, एवढीच आशा बाळगता येते. हरणाचे हृदय आणि फुप्फुसे मिळून जेमतेम जेवणाच्या ताटलीएवढी, आठ इंचांच्या आसपासची जागा असते. तिच्या बाहेर लागलेल्या गोळीने हरीण सहसा लगेच मरत नाही, तर पोटात किंवा पायात गोळी घेऊन झाडीत शिरते आणि तासन्‌तास तडफडते. नेम न जुळवलेली बंदूक घेऊन जंगलात जाणे मला अक्षम्य वाटते, मग ती ४८० डॉलरची असो की चार हजारांची. सहकाऱ्यांपैकी जो जुना शिकारी असेल, त्याला विचारून पाहा. तोही हेच म्हणेल.

एवढे सांगून झाल्यावर संचाकडे वळतो, कारण तुमच्या मूळ प्रश्नात एक गैरसमज आहे आणि तो अनेकांचा असतो. स्वस्त रायफल म्हणजे नेमाला कच्ची, हे पन्नास वर्षांपूर्वी बऱ्याच अंशी खरे असेल, आज नाही. यंत्रांवर नळ्या घडवण्याची पद्धत इतकी सुधारली आहे की, चांगली नळी ही महाग गोष्ट राहिलेली नाही. सॅव्हेज कंपनीने १९५८च्या मॉडेल ११०पासून नळी नटाने आवळून बसवण्याची जी रीत आणली, तिच्यामुळे कुशल कारागिराच्या तासन्‌तास घासकामाशिवाय नळीत काडतूस बसते त्या घराचे माप अचूक राखता येऊ लागले. सॅव्हेज ॲक्सिस, रूगर अमेरिकन, मॉसबर्ग पेट्रियट या आजच्या स्वस्त रायफली बऱ्या काडतुसांनी शंभर यार्डांवर तीन गोळ्या दीड इंचाच्या आसपास टाकतात. पेनसिल्व्हेनियाच्या दाट झाडीत बहुतेक बार शंभर यार्डांच्या आतच होतात. तिथे दीड इंच आणि पाऊण इंच यांतला फरक हरणालाही कळणार नाही आणि तुम्हालाही नाही.

पैसे वाचवलेले असतात ते इतरत्र. दस्ता पोकळ प्लॅस्टिकचा असतो, बोल्ट मागेपुढे करताना खरखरतो, रायफलीत काडतुसे भरायची पेटी (मॅगझिन) हलक्या प्रतीची असते आणि काही मॉडेलांचा चाप इतका जड असतो की, ओढताना नेमच हलतो. चाप सोडला तर यांतली कोणतीही गोष्ट पहिल्या काही वर्षांत आड येत नाही. चाप मात्र दुकानातच तपासावा, आणि ज्या मॉडेलात तो हलका-जड करण्याची सोय आहे, त्यासाठी पन्नास-साठ डॉलर अधिक द्यावे लागले तरी द्यावेत.

संचातला कच्चा दुवा म्हणजे दुर्बीण. तुम्ही पाठवलेल्या जाहिरातीत ३-९x४० असे लिहिले आहे, याचा अर्थ तीनपट ते नऊपट मोठे दिसते आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४० मिलिमीटर आहे. हे आकडे दोनशे किंवा पाचशे डॉलरच्या दुर्बिणीवरही हेच असतात, म्हणून ग्राहक फसतो. संचातली दुर्बीण सुटी घेतली तर बहुधा शंभर डॉलरच्या आतली असते. दिवसाढवळ्या दुकानाच्या दारातून पाहिले तर ती छान दिसते, पण इथे सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत शिकारीची मुभा असते आणि हरणे नेमकी त्याच दोन संधिप्रकाशाच्या वेळी हिंडतात. तेव्हा स्वस्त भिंगातून तपकिरी अंग आणि तपकिरी पालापाचोळा एक होऊन जातो. यावर एक साधी युक्ती आहे: अंधुक प्रकाशात नऊपटीवरून चारपटीवर या. ४०ला ९ने भागले तर डोळ्यात येणारी प्रकाशाची चकती साडेचार मिलिमीटरचीही नसते. ४ने भागले तर ती १० मिलिमीटरची होते.

दुसरा दोष अधिक घातक आहे. दुर्बिणीवरचे मळसूत्र एक खट्‌ फिरवले की, शंभर यार्डांवर नेम पाव इंच सरकला पाहिजे. हलक्या दुर्बिणीत तो कधी सरकतो, कधी सरकत नाही, आणि तीन बारांनंतर धक्क्याने आपोआप सरकतो. हे ओळखायला दुकानात बसून काही उपयोग नाही, मैदानावरच जावे लागते. आधी दुर्बीण धरणाऱ्या कड्यांचे आणि पट्टीचे सगळे स्क्रू तपासा. कारखान्यातून आलेले स्क्रू सैल असणे हे नवलाचे नाही. मग २५ यार्डांवर सुरुवात करा. तिथे एक इंच हलवायला सोळा खटके लागतात. गोळी केंद्राच्या अर्धा-पाऊण इंच खाली लागू लागली की, १०० यार्डांवर जा, तीन बार काढा, नळी हाताला कोमट लागेपर्यंत थांबा आणि मग एका गोळीवरून नव्हे, तर तिन्ही छिद्रांच्या मध्यावरून दुरुस्ती करा. नेम जुळला की वीस खटके उजवीकडे, वीस वर, वीस डावीकडे, वीस खाली असा चौकोन पुरा करून पुन्हा पहिल्या जागी या. शेवटची गोळी पहिल्या छिद्रांत परतली तर दुर्बीण विश्वासाची आहे. दीड-दोन इंच दूर गेली, तर ती काढा आणि दोनशे-अडीचशे डॉलरची ल्यूपोल्ड, व्होर्टेक्स किंवा बरिस बसवा. ल्यूपोल्ड आणि व्होर्टेक्स आयुष्यभराची हमी देतात, आणि पुढे रायफल बदलली तरी दुर्बीण तुमच्याकडेच राहते.

म्हणूनच हजार-बाराशेच्या रायफलीसाठी थांबण्याचा तुमचा दुसरा पर्याय मला फारसा पटत नाही. त्या जादा पाचशे-सातशे डॉलरमध्ये सुबक लाकूड, गुळगुळीत बोल्ट आणि मिरवण्याचे समाधान मिळते. नेमबाजी मिळत नाही. नेमबाजी काडतुसांनी येते. ३०८ विंचेस्टर किंवा ६.५ क्रीडमूर (ही काडतुसांच्या मापांची नावे; रायफल त्या-त्या मापाची मिळते) यांच्या वीस काडतुसांच्या खोक्याला साधारण पंचवीस ते पन्नास डॉलर पडतात, आणि पहिल्या वर्षी चार खोकी तरी सरावात संपली पाहिजेत. त्यातही एक सूचना: तुम्ही आयुष्यात बंदूक उडवलेली नाही, तेव्हा सात पौंडांच्या हलक्या रायफलीतून ३०-०६चा धक्का खाऊन चाप ओढताना डोळे मिटण्याची खोड लागायला एक दुपार पुरते. सहकारी ३०-०६ सुचवतील, कारण त्यांच्या वडिलांची तीच होती. तुम्ही २४३ विंचेस्टर किंवा ६.५ क्रीडमूर घ्या. व्हाइटटेल हरणाला दोन्ही पुरेशी आहेत आणि खांदा वाचतो. ज्यांना जमेल त्यांनी सरावासाठी २२ची साधी रायफलही पाहावी. तिचे काडतूस काही सेंटांत मिळते. हरणाच्या शिकारीला मात्र ती इथे चालत नाही, हे लक्षात असू द्या.

जुन्या बाजाराचाही विचार करावा. परवानाधारक विक्रेत्याकडची, वीस वर्षे नीट सांभाळलेली रेमिंग्टन ७०० किंवा सॅव्हेज ११० अनेकदा नव्या संचाच्याच किमतीत मिळते. ती बोल्ट काढून, नळीत उजेड टाकून, जाणत्या माणसाच्या डोळ्यांखालून घालून घ्यावी. एकट्याने घेऊ नये.

संच म्हटले की, खर्च ४८० डॉलरवर थांबतो असे वाटते. कानाचे आणि डोळ्यांचे संरक्षण चाळीस, काडतुसांची चार खोकी एकशे वीस, नारिंगी जाकीट-टोपी तीस, परवाना एकवीस आणि कुलपाचे पोलादी कपाट दीडशे धरले, तरी बेरीज ८४१वर जाते. हरीण मिळालेच तर ते सोलून, तुकडे करून देणारा कसाई आणखी शंभरावर घेतो. नारिंगी कपड्यांत काटकसर करू नका: डोके, छाती आणि पाठ मिळून अडीचशे चौरस इंच नारिंगी रंग सर्व बाजूंनी दिसला पाहिजे, असा रायफलीच्या हंगामात नियम आहे.

आता आजोबांच्या बंदुकीविषयी. तुम्हीच लिहिले आहे की, ती शेतीच्या राखणीसाठी होती, परवान्याची होती आणि निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करावी लागे. भातात शिरणाऱ्या डुकरांना हुसकावण्यासाठी माणसाने नाइलाजाने बाळगलेले ते अवजार होते. तुमची ओढ मला खोटी वाटत नाही, पण त्या ओढीचे उत्तर दुकानातल्या संचात आहे का, हे मला सांगता येत नाही. तुमच्या पत्रात ‘कॅम्प’ हा शब्द शिकारीपेक्षा जास्त वेळा आला आहे. नऊ वर्षे शेजारी बसून काम करणाऱ्या माणसांनी प्रथमच घरच्यासारखे बोलावले, याचा आनंद तुम्हाला अधिक असावा, अशी माझी समजूत झाली. ती चुकीची असल्यास सोडून द्या. खरी असल्यास एवढेच सांगतो की, कॅम्पवर बंदुकीविना जाता येते. परवाना खिशात ठेवा, नारिंगी टोपी घाला, पहाटेच्या थंडीत सहकाऱ्याशेजारी मचाणावर बसा, हरीण पडले तर ते फरफटत आणायला आणि साफ करायला हात लावा. कोमट रक्ताचा वास आणि पोट फाडतानाचा तो पहिला सुस्कारा सहन झाला, तर पुढच्या वर्षी बंदूक घेण्यात अर्थ आहे. नाही सहन झाला, तर काही बिघडत नाही. सेल पुढच्या वर्षीही लागतो.

घरातल्या विरोधाचा तुम्ही ‘ती शाकाहारी आहे’ या एका वाक्यात निकाल लावला आहे. मला तसे वाटत नाही. तुम्हीच उद्धृत केलेले पत्नीचे शब्द ‘घरात बंदूक नको’ असे आहेत, ‘मांस नको’ असे नाहीत. दहा वर्षांचा मुलगा हरखला आहे, म्हणजे तो ती शोधणार, मित्राला दाखवणार. पत्नीशी बोलताना बंदुकीच्या किमतीवर आणि सवलतीवर बोलू नका. ती कुठे राहील, किल्ली कोणाकडे राहील, काडतुसे निराळ्या कुलपात असतील का, बोल्ट काढून तिसऱ्या ठिकाणी ठेवणार का, हे ठरवून मगच बोला, आणि त्या ‘नाही’ म्हणाल्या तर सहकाऱ्याच्या कपाटात ठेवण्याचा पर्यायही वकिलाला आणि त्या सहकाऱ्याला विचारून पाहा. मांसाचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. पेनसिल्व्हेनियात ‘हंटर्स शेअरिंग द हार्व्हेस्ट’ नावाची योजना १९९१पासून शिकाऱ्यांकडून हरणाचे मांस घेऊन अन्नपेढ्यांना पुरवते. घरी आणणार असाल, तर क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या हरणांच्या मेंदूला होणाऱ्या प्राणघातक आजाराची चौकशी करा. राज्यात हा आजार २०१२मध्ये आढळला आणि ठरावीक भागांतून डोके व पाठीचा कणा बाहेर नेण्यास बंदी आहे.

इतर वाचकांसाठी दोन शब्द. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असलेल्यांना वरची व्हिसाची अट लागू नाही, पण अभ्यासक्रम, परवाना आणि नेम जुळवणे यांतून कोणाचीही सुटका नाही, आणि नियम राज्यागणिक बदलतात. कॅनडातल्या वाचकांना सुरक्षितता-अभ्यासक्रमानंतर बंदूक बाळगण्याचा स्वतंत्र परवाना काढावा लागतो. भारतातून जे विचारतात, त्यांना उत्तर छोटे आहे: १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, पिकांची नासधूस करणाऱ्या जनावरांबाबत वनखात्याच्या परवानगीची तरतूद वेगळी आहे, आणि इथली रायफल सुट्टीत गावी नेण्याचा विचारही करू नये.

तेव्हा यंदा परवाना, मैदान आणि कॅम्प. बंदुकीचा निर्णय मार्चनंतर. त्या वेळी दुकानात जाताना हिवाळ्याचे जाड जाकीट अंगात घालून जा. रिकामी असल्याची स्वतः खात्री करून रायफल खांद्याला लावा, डोळे मिटा, गाल दस्त्यावर टेकवा आणि मग डोळे उघडा. दुर्बिणीत पूर्ण गोल चित्र दिसले पाहिजे. कडेला काळी चंद्रकोर दिसली किंवा मान ताणावी लागली, तर दुर्बीण तुमच्या बांध्याला जुळलेली नाही, आणि भिंग भुवईच्या फार जवळ असेल तर पहिल्याच बाराला कपाळ फुटेल. ती पुढेमागे सरकवून, कडी मापाने आवळून द्यायला सांगा. बहुतेक विक्रेते हे पैसे न घेता करतात. जो टाळाटाळ करील, त्याच्याकडून संच घेऊ नका.